उल्केचे दोन साक्षी : कॅमेरा आणि रेडिओ

धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून ज्याचे बालपण गेले, त्याने उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या तारा तुटताना पाहिला नाही असे क्वचितच घडले असेल. काळ्या आकाशात तेजाची एक रेघ उमटते, आणि ‘तो पाहा’ असे शेजारच्यास सांगेपर्यंत ती मावळूनही जाते. मग घरातील कोणी वडील मनुष्य म्हणतो, त्याकडे बोट दाखवू नये. दुसरा म्हणतो, कोठे तरी कोणी थोर पुरुष निवर्तला. विद्यार्थ्याने हे सर्व आदराने ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या रात्री त्याच ठिकाणी निजून तारे मोजावे. सप्तर्षींतील सातही ऋषी आपापल्या स्थानी असतात; ध्रुव जागचा हललेला नसतो. यावरून एवढे सिद्ध होते की, जे तुटले तो तारा नव्हे.

मग ते काय होते, किती उंचीवर होते, किती वेगाने आले आणि कोठून आले, या प्रश्नांची उत्तरे मनुष्याने कशी मिळविली, आणि तीच उत्तरे आज शाळेत जाणाऱ्या मुलासही कॅमेऱ्याच्या व रेडिओच्या साह्याने कशी मिळविता येतील, हे या पाठात सांगण्याचा आमचा विचार आहे.

उल्का म्हणजे काय?

सूर्याभोवती केवळ ग्रहच फिरतात असे नाही. धूमकेतूंनी आपल्या मार्गात सांडलेली धूळ आणि लघुग्रहांचे बारीक तुकडे हेही सूर्याभोवती अखंड फिरत असतात. पृथ्वी दर सेकंदास सुमारे ३० किलोमीटर वेगाने आपल्या कक्षेतून धावत असता हे कण तिच्या वाटेत येतात. वाळूच्या कणाएवढा किंवा फार तर हरभऱ्याएवढा एखादा कण आपल्या हवेत शिरला म्हणजे त्याच्या पुढील हवा एकाएकी दाबली जाऊन अतिशय तापते, कण वितळतो, त्याची वाफ होते, आणि ती वाफ व भोवतालची हवा ही दोन्ही प्रकाशमान होतात. ही गोष्ट बहुधा जमिनीपासून १२० ते ८० किलोमीटर उंचीच्या दरम्यान घडते. त्या प्रकाशाच्या रेघेस आपण उल्का म्हणतो. कण मोठा असून त्याचा काही भाग जळावयाचा राहिला व दगडाच्या रूपाने भूमीवर पोचला, तर त्यास अशनी असे नाव आहे.

उल्कांच्या वेगास दोन मर्यादा आहेत, आणि या पाठात त्या पुनःपुन्हा उपयोगी पडणार असल्यामुळे विद्यार्थ्यांनी त्या ध्यानात ठेवाव्या. बाहेरून येणाऱ्या कोणत्याही वस्तूस पृथ्वी आपल्याकडे ओढते. त्या ओढीनेच वस्तूचा वेग हवेत शिरताना दर सेकंदास निदान ११ किलोमीटर होतो. ही खालची मर्यादा. वरची मर्यादा सुमारे ७२ किलोमीटर आहे. कारण पृथ्वीजवळ सूर्याच्या अंकित असलेल्या वस्तूस जास्तीत जास्त ४२ किलोमीटर वेग असू शकतो, आणि ती पृथ्वीच्या समोरून आली म्हणजे त्यात पृथ्वीचे ३० मिळतात.

एकट्या डोळ्याची साक्ष

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या दिवशी सायंकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांतून, विशेषतः विदर्भातून, लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या तुकड्यांची एक लांब मालिका पाहिली. कोणी तिला उल्कावर्षाव म्हटले, कोणी विमान पेटले असे म्हटले. शेकडो लोकांनी आपल्या मोबाईलवर तिची चित्रे घेतली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी धातूचे एक मोठे कडे आकाशातून येऊन पडले. आसपासच्या भागात धातूचे गोलही सापडले. ते अशनी नव्हते. २०२१ सालच्या फेब्रुवारीत चीनने सोडलेल्या एका अग्निबाणाचा टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहिला होता. तो खाली येता येता हवेत जळाला व त्याचे हे अवशेष होते, असे अंतराळातील वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

पाहणाऱ्यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता. तथापि डोळा ‘पाहिले’ एवढेच सांगतो. ‘किती’ हे त्यास सांगता येत नाही. क्षणात दिसून नाहीशा होणाऱ्या वस्तूची उंची, वेग व दिशा या तिन्हींविषयी त्याची साक्ष अपुरी पडते. जी वस्तू शंभर किलोमीटर वर आहे ती ‘आमच्या मळ्यापलीकडे पडली’ असे मनुष्य अगदी प्रामाणिकपणे सांगतो, व शेजारच्या गावचा मनुष्य तितक्याच प्रामाणिकपणे ती त्याच्या मळ्यापलीकडे पडली असे म्हणतो.

आमच्या जिल्ह्यास या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील तसेच आजच्या लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त केली व हजारो माणसे दगावली. ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांपैकी पुष्कळजण आज आजोबा-आजी झाले आहेत. रात्री मोठा आवाज झाला की ही माणसे मुलाबाळांस घेऊन अंगणात येतात, आणि त्यांना हसण्याचा अधिकार कोणासही नाही. असा आवाज भूमीतून येऊ शकतो, वेगवान विमानाचा असू शकतो, आणि क्वचित मोठ्या उल्केचाही असू शकतो. यांपैकी उल्केची एक खूण आहे. प्रकाश तत्काळ दिसतो, पण आवाज सेकंदास किलोमीटराच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढ्याच वेगाने चालतो. म्हणून ३० किलोमीटर उंचीवर फुटलेल्या उल्केचा आवाज अगदी खाली उभ्या असलेल्या मनुष्यासही दीड मिनिट किंवा त्याहून अधिक वेळाने ऐकू येतो. निजलेली माणसे आवाजाने जागी होतात, तोवर प्रकाश केव्हाच विझलेला असतो. जमीन हलली की नाही हे भूकंपमापक यंत्रे सांगतात. परंतु आकाशात काही चमकले होते की नाही, हे सांगण्यास रात्रभर जागा राहणारा दुसरा कोणी साक्षी पाहिजे. असा साक्षी म्हणजे कॅमेरा.

दोन ठिकाणे का पाहिजेत?

प्रथम एक सोपा प्रयोग करावा. नाकासमोर हातभर अंतरावर बोट धरून एकदा डावा व एकदा उजवा डोळा मिटावा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसते. बोट जवळ आणले तर अधिक सरकते, दूर नेले तर कमी. दोन डोळ्यांमधील अंतर व हे सरकणे ही दोन्ही ठाऊक असली म्हणजे बोटाचे अंतर गणिताने काढता येते.

हीच युक्ति जर्मनीतील ग्योटिंगेन येथील ब्रांडेस व बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी १७९८ साली उल्कांना लावली. दोघे एकमेकांपासून काही किलोमीटर दूर बसले, आणि एकाच क्षणी दिसलेली उल्का प्रत्येकास कोणत्या ताऱ्यांजवळ दिसली हे त्यांनी लिहून ठेवले. दोन्ही नोंदी ताडून पाहता, उल्का ढगांच्या आसपास नसून त्यांच्याहून कितीतरी वर, सुमारे ९० किलोमीटरांच्या उंचीवर चमकतात असे आढळले. ज्यांनी हे मोठे सत्य उजेडात आणले ते नामांकित आचार्य नव्हते. वही व पेन्सिल घेऊन थंडीत बसलेले दोन विद्यार्थी होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आता हाच प्रयोग आपल्या जिल्ह्यात करून पाहू. तुळजापूर दक्षिणेस व कळंब उत्तरेस आहे. दोहोंमधील अंतर सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर आहे. समजा, एक उल्का तुळजापूरच्या विद्यार्थ्यास बरोबर डोक्यावर दिसली. ती ६० किलोमीटर उंचीवर असेल, तर कळंबच्या विद्यार्थ्यास ती दक्षिण दिशेस क्षितिजापासून ४५ अंशांवर दिसेल. ती १०० किलोमीटर उंचीवर असेल, तर सुमारे ५९ अंशांवर दिसेल. एका सेंटिमीटरास १० किलोमीटर असे प्रमाण घेऊन हा त्रिकोण कागदावर काढावा व कोनमापकाने कोन मोजावा. आठवीच्या विद्यार्थ्यास यापेक्षा अधिक गणित लागत नाही. पण दोघांनी पाहिलेली उल्का एकच आहे, याची खात्री कशाने होणार? दोघांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळली असली तरच. ठिकाणे दोन व वेळ एक, हा या सर्व विद्येचा पाया आहे.

पहिला साक्षी : कॅमेरा

चलच्चित्र घेणारा कॅमेरा एका सेकंदात साधारणतः २५ चित्रे घेतो. आकाशाकडे तोंड करून त्यास रात्रभर चालू ठेवले म्हणजे संगणक प्रत्येक चित्र मागील चित्राशी ताडून पाहतो. काही हलले असे आढळले तर तेवढाच भाग जपून ठेवतो व बाकीचा टाकून देतो. चित्रात उल्केच्या मागे तारे असतातच. ताऱ्यांची स्थाने सूक्ष्मतेने ठाऊक असल्यामुळे ते मोजपट्टीचे काम करतात, आणि उल्केची दिशा अंशाच्या लहानशा अंशापर्यंत कळते. असे दोन कॅमेरे ५०–१०० किलोमीटर अंतरावर असले म्हणजे उल्केचा हवेतील संपूर्ण मार्ग काढता येतो.

वेग काढण्याची रीत तर सोपीच आहे. समजा, दोन ठिकाणांच्या चित्रांवरून एका उल्केचा मार्ग २१ किलोमीटर लांब निघाला, आणि ती उल्का १५ चित्रांत दिसली. सेकंदास २५ चित्रे, म्हणून १५ चित्रांस ०·६ सेकंद. २१ ला ०·६ ने भागले असता ३५ येतात; अर्थात उल्केचा वेग सेकंदास ३५ किलोमीटर झाला. डिसेंबर महिन्यात मिथुन राशीतून येणाऱ्या उल्कांचा वेग इतकाच असतो.

आता गुढीपाडव्याच्या त्या मालिकेकडे पुन्हा वळू. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अग्निबाणाच्या टप्प्याचा वेग सेकंदास ८ किलोमीटरांहून थोडा कमी असतो. वर सांगितलेल्या ११ च्या मर्यादेच्या तो खाली आहे. म्हणून हवेत शिरताना ज्या वस्तूचा वेग आठाच्या आसपास निघाला, ती सूर्याभोवती फिरणारी उल्का असूच शकत नाही. शिवाय असा टप्पा हवेत आडवा शिरतो व शेकडो किलोमीटर जळत जातो. सामान्य उल्का एक-दोन सेकंदांत विझते. जळणारा अग्निबाण पाहणाऱ्यास मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळही दिसत राहतो, व त्याचे तुकडे एकामागून एक सावकाश चालल्यासारखे भासतात. ज्यांनी त्या सायंकाळी मोबाईलवर चित्रे घेतली, त्यांच्या हाती हा पुरावा आपोआपच आला होता. चित्र किती सेकंदांचे आहे, एवढे पाहिले असते तरी ‘ही उल्का नव्हे’ असा तर्क घरबसल्या करता आला असता.

दगडाचे मूळ शोधण्यातही कॅमेऱ्याने फार मोठे काम केले आहे. ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियात प्रीब्रामजवळ पडलेल्या अशनीचा मार्ग तेथील वेधशाळेच्या छायाचित्रांत सापडला. त्यावरून गणित करून तो दगड लघुग्रहांच्या पट्ट्यातून आला असे सांगता आले. अशनीची कक्षा छायाचित्रांवरून निश्चित होण्याचा तो जगातील पहिला प्रसंग होय. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क नगरावर सुमारे २० मीटर व्यासाचा पाषाण आकाशात फुटला. त्याच्या धक्क्याने काचा फुटून सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. पुष्कळजण प्रकाश पाहून खिडकीशी धावले होते, आणि धक्का मागाहून आला. त्या पाषाणाची कक्षा काढण्यास मोटारगाड्यांत बसविलेले व रस्त्यांवरील पहाऱ्याचे कॅमेरे उपयोगी पडले. आज ‘ग्लोबल मीटिअर नेटवर्क’ नावाने डेनिस विडा या शास्त्रज्ञाने आरंभिलेल्या जाळ्यात अनेक देशांतील हौशी मंडळी पहाऱ्यासाठी वापरतात तशाच प्रकारचे कॅमेरे लहानशा संगणकास जोडून रोज रात्री उल्का टिपीत असतात.

दुसरा साक्षी : रेडिओ

कॅमेरा चांगला साक्षी खरा. परंतु दिवसा तो आंधळा होतो, आणि ढग आले म्हणजेही त्यास दिसत नाही. ययाति या तारकासमूहातून येणाऱ्या उल्कांचा प्रसिद्ध वर्षाव दरवर्षी १२–१३ ऑगस्टच्या सुमारास होतो. त्या दिवसांत आमच्या बालाघाटावर पावसाळी ढग असतात, आणि आम्हांस त्या ढगांचा राग नाही. आमची पिके त्यांच्यावरच अवलंबून आहेत. अशा वेळी दुसऱ्या साक्षीकडे जावे.

उल्का जळताना तिच्या वाटेवरील अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा विद्युन्मय पट्टा काही क्षण टिकतो व रेडिओच्या लहरींस आरशासारखा परतवितो. एफ.एम. केंद्राच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचे केंद्र आपल्या क्षितिजाखाली राहते व ऐकू येत नाही. धाराशिवहून दिल्ली सरळ रेषेत सुमारे ११५० किलोमीटर आहे, तेथील एफ.एम. केंद्र आपणांस ऐकू येण्याचे कारण नाही. परंतु दोहोंच्या मध्ये १०० किलोमीटर उंचीवर उल्का जळाली, तर ती दिल्ली व धाराशिव या दोन्ही ठिकाणांच्या क्षितिजांवर असते. तेवढ्या उंचीवरील बिंदू सुमारे ११०० किलोमीटर दूरच्या भूमीवरूनही क्षितिजाशी दिसतो. म्हणून या रीतीने साधारणतः २२०० किलोमीटरपर्यंतच्या केंद्राचा आवाज अर्धा सेकंद, एक सेकंद, क्वचित काही सेकंद कानी पडतो आणि लुप्त होतो.

या विद्येच्या इतिहासात आपल्या देशाचेही स्थान आहे. चमनलाल व वेंकटरामन या ऑल इंडिया रेडिओच्या अभियंत्यांनी आखूड लहरी ऐकत असता मधूनमधून शीळ घातल्यासारखा, उंच स्वरापासून खाली उतरत जाणारा आवाज ऐकला, आणि तो उल्कांचा आहे असे १९४१ साली प्रसिद्ध केले. केंद्राकडून सरळ आलेली लहर व धावत्या उल्केवरून परतलेली लहर या एकमेकींत मिसळल्या म्हणजे ही शीळ निर्माण होते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी उंच व दूर जाणारीची खालच्या स्वराची वाटते, तोच नियम येथे आहे. पुढे महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शत्रूचे अग्निबाण शोधण्यासाठी लावलेल्या रडारवर भलतेच क्षणिक प्रतिध्वनी येऊ लागले. ते उल्कांचे असल्याचे जे. एस. हे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. बर्नार्ड लोव्हेल यांनी जोड्रेल बँक येथे ९–१० ऑक्टोबर १९४६ च्या रात्रीचा मोठा उल्कावर्षाव रडारने मोजला. आणि १९४७ साली भर दिवसा होणारे, कोणाच्याही डोळ्यांस न दिसणारे उल्कावर्षाव त्याच ठिकाणी सापडले.

विद्यार्थ्याने हा प्रयोग असा करावा. हाताने खुंटी फिरवून केंद्र लावता येईल असा एफ.एम. रेडिओ घ्यावा, केंद्र नसताना जे रेडिओ आपोआप मुके होतात ते येथे निरुपयोगी. धाराशिव आकाशवाणी व इतर जवळची केंद्रे टाळून, जेथे केवळ खरखर ऐकू येते अशी जागा शोधावी. एरियल पूर्ण उभारावा, शक्य तर गच्चीवर बसावे. पहाटे चार ते सहा या वेळात कान देऊन बसले असता त्या खरखरीतून मधूनच गाण्याचा एखादा तुकडा किंवा बोलण्याचा एखादा शब्द एकाएकी स्पष्ट येतो व जातो. तो आला की वेळ लिहावी. मात्र फसू नये. विजेचा आवाज तडतडीसारखा असतो. विमानावरून परतलेला आवाज कंप पावत बराच वेळ राहतो. आणि उन्हाळ्यात कधी कधी हवेच्या वरच्या थरांत विद्युन्मय ढग बनून दूरचे केंद्र काही मिनिटे किंवा तासभरही ऐकू येते. उल्केचा आवाज एकदम उठतो व लवकरच संपतो.

असा हिशेब आठ दिवस ठेवला तर एक मौज दिसून येईल. पहाटे सहाच्या सुमारास जितके तुकडे ऐकू येतात, त्यापेक्षा सायंकाळी सहाला पुष्कळ कमी येतात. पावसातून धावणाऱ्या एस.टी.च्या पुढच्या काचेवर थेंब फार आणि मागच्या काचेवर थोडे पडतात, हे सर्वांनी पाहिले आहे. पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या काचेशी असतो, सायंकाळी मागच्या. पृथ्वी सूर्याभोवती धावते, हे भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य अशा रीतीने रेडिओच्या खरखरीतून कानांनी ऐकता येते.

याचा उपयोग काय?

पालकांच्या मनात हा प्रश्न येणे साहजिक आहे. उल्केचा पट्टा उंचावरील वाऱ्याबरोबर वाहत जातो. तो कसा वाहिला हे रडारने पाहिले म्हणजे, जेथे विमान पोचत नाही व फुगाही पोचत नाही, अशा ८० ते १०० किलोमीटर उंचीवरील वारा मोजता येतो. केरळातील थुंबा येथे यासाठीच उल्का-रडार बसविण्यात आले. त्याच उंचीवरील वाऱ्यांचा अभ्यास भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरात दुसऱ्या प्रकारच्या रडारने केला आहे. कृत्रिम उपग्रहांस धुळीच्या कणांपासून किती धोका आहे, हेही उल्कांच्या गणनेवरून कळते.

आणि पडलेला दगड शोधण्यास तर मार्ग ठाऊक असणे फारच अगत्याचे आहे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे मोठ्या आवाजासह दगड पडले. ते खरे अशनी ठरले. २०२२ च्या जून महिन्यात आमच्याच जिल्ह्यातील वाशी येथे शेतात आकाशातून सुमारे दोन किलो वजनाचा दगड पडल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली, व तो तपासणीसाठी पाठविण्याची व्यवस्था झाली. आमची भूमी काळ्या पाषाणाची आहे. शेताच्या बांधावर काळे, जड दगड वाटेल तितके सापडतात, आणि त्यांत लोहाचा अंश असल्यामुळे काही दगडांस लोहचुंबकही थोडासा चिकटतो. म्हणून केवळ रंग व वजन पाहून अशनी ओळखता येत नाही. ताज्या अशनीवर वितळून बनलेले पातळ काळे कवच असते व आतील भाग बहुधा फिकट असतो. तथापि शेवटचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो. ज्या क्षणी दगड पडला त्याच क्षणी दोन गावांच्या कॅमेऱ्यांनी उल्का टिपली असेल, तर शेतकऱ्याच्या शब्दास दोन निःपक्षपाती साक्षींचे बळ मिळते, आणि उरलेले तुकडे कोणत्या शिवारात शोधावे हेही सांगता येते. असा दगड सापडल्यास तो फोडू नये, धुऊ नये, विकू नये; जागेचे चित्र व वेळ यांसह तहसील कचेरीस कळवावे.

वर्षभरातील मुख्य दिवस

खालील रात्री विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवाव्या. २२ एप्रिल : अभिजित ताऱ्याजवळून येणाऱ्या उल्का. ५–६ मे, पहाटे : कुंभ राशीतून, या हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीपासून होतात. १२–१३ ऑगस्ट : ययातीतून, स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या, या रेडिओने ऐकाव्या. २१–२२ ऑक्टोबर : मृगाजवळून, याही हॅलेच्याच. १७ नोव्हेंबर : सिंह राशीतून, मघेच्या वरच्या बाजूने. १३–१४ डिसेंबर : मिथुन राशीतून, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून, यांचे मूळ फेथॉन नावाचा लघुग्रह होय. यांपैकी डिसेंबरची रात्र आम्हांस सर्वांत सोयीची आहे. हवा कोरडी असते, ढग क्वचितच असतात, आणि पुनर्वसूचे तारे रात्री नऊला पूर्वेस चढून दोन वाजण्याच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतात. ज्या वर्षी त्या रात्री मोठे चांदणे नसेल, त्या वर्षी विशेष यत्न करावा.

वहीत पाच रकाने आखावे : तारीख, सेकंदापर्यंत वेळ, ठिकाण, कोणत्या ताऱ्यापासून कोणत्या ताऱ्यापर्यंत, आणि साक्षी कोण, म्हणजे डोळा, कॅमेरा की रेडिओ. मोबाईल वापरावयाचा असेल तर तो तिपाईवर किंवा विटांच्या आधाराने घट्ट बसवावा. हातात धरून काही साधत नाही. जेथे पहाऱ्याचे कॅमेरे आहेत, तेथील मालकांनी त्यांची घड्याळे महिन्यातून एकदा खऱ्या वेळेशी जुळवावी. चुकीच्या वेळेचे चित्र साक्षीस उपयोगी पडत नाही. पालकांस आमची विनंती अशी की, मुलांस एकटे माळावर न पाठविता घराच्या गच्चीवर किंवा अंगणात बसू द्यावे, अंगावर घोंगडी द्यावी, आणि दोन तास दारावरचा दिवा मालवावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक उल्का कळंबच्या डोक्यावर ९० किलोमीटर उंचीवर चमकली. तुळजापूरहून ती कोणत्या दिशेस व क्षितिजापासून किती अंशांवर दिसेल, हे आकृती काढून सांगा.

२. एक उल्का १० चित्रांत दिसली. तिचा मार्ग २८ किलोमीटर निघाला. वेग काढा, आणि वर दिलेल्या दोन मर्यादांत तो बसतो की नाही ते पाहा.

३. एक तेजस्वी वस्तू ७५ सेकंद दिसत राहिली व तिचा मार्ग ५७० किलोमीटर निघाला. ती उल्का असू शकेल काय? कारण द्या.

४. आवाज ऐकू येण्यापूर्वी किती वेळ प्रकाश दिसला, हे ठाऊक असल्यास त्यावरून काय सांगता येईल?

येत्या डिसेंबरात तुळजापुरास ज्यांचे मामा आहेत व कळंबास ज्यांची आत्या आहे, अशा विद्यार्थ्यांनी आधीच जोड्या ठरवाव्या, घड्याळे जुळवावी, आणि आपापल्या वह्या सुट्टीनंतर वर्गात आणाव्या. दोन वह्यांत एकाच सेकंदाची एक जरी उल्का निघाली, तरी तिची उंची आपण सर्व मिळून फळ्यावर काढू.